वाचक विचारतात : घाटाखालची सराई

प्रश्न : आमच्या शाळेची सहल डिसेंबरात अजिंठ्याला गेली होती. परतताना फर्दापूरला चहासाठी थांबलो, तेव्हा घरांच्या आडून जुन्या कमानींची रांग मुलांना दिसली. चहावाले काका म्हणाले, "ती सराई. औरंगजेबाच्या वेळची." मुलं मागेच लागली. एवढ्याशा गावात एवढी मोठी सराई कशाला बांधली? इथेच का? तिथे कोण राहायचं? मला धड सांगता आलं नाही.
– एक शिक्षिका, पाचोरा

उत्तर : ताई, "इथेच का" हा प्रश्न मुलांनी आधी विचारला, याचा मला फार आनंद झाला. मोठी माणसं आधी "कोणी बांधली" विचारतात. माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून आलं नाही, आजोबांच्या गाडीवरून आलं. ते पहूरचे गाडीवान. जळगाव स्टेशनात उतरलेलं मीठ, कापडाचे गठ्ठे, राकेलचे डबे गाडीत भरायचे, घाट चढून सिल्लोडच्या बाजारात पोचवायचे आणि येताना कापूस आणायचा, हा त्यांचा धंदा. ते सांगायचे, भरली गाडी दिवसाला सात कोस जाते. आठवा कोस बैलाकडे मागू नये, मागितला तर तो दुसऱ्या दिवसाच्या चालीतून कापून घेतो. कोस म्हणजे दोन मैल, आपले तीन किलोमीटर आणि वर थोडं.

आता मुलांना वहीत रेघ मारायला सांगा. जळगावहून निघालेली गाडी पहिल्या रात्री नेरीला, दुसऱ्या रात्री पहूरला, आणि वाकोद मागे टाकून तिसऱ्या संध्याकाळी फर्दापूरला. तिथे डोंगर समोर उभा राहतो. खानदेश संपतो आणि वर मराठवाड्याचं पठार सुरू होतं. दमलेली जोडी घेऊन संध्याकाळी कोणी घाटाला लागत नाही. रात्र खालीच काढायची, बैलांना वैरणपाणी करायचं, पहाटे गावातली आणखी एक जोडी भाड्यानं पुढे जुंपायची आणि ऊन चढायच्या आत जमेल तेवढा चढ मारायचा. वर अजिंठा गाव येईपर्यंत बैलांच्या तोंडाला फेस आलेला असे. अंतर दहा-बारा किलोमीटरचंच, पण दिवस तिथेच संपायचा. म्हणून वाटसरूंच्या मुक्कामाची ही सराई फर्दापूरला आहे आणि दुसरी सराई वर अजिंठा गावात आहे. एक घाटाखाली, एक घाटावर. मुलांना ही जोडी दाखवा, म्हणजे "इथेच का" याचं उत्तर ती स्वतःच देतील.

आजोबांची वाट गेल्या शतकातली. पण बैल सतराव्या शतकातही तोच आणि घाटही तोच. त्या काळी मोगलांच्या दख्खनचा कारभार आधी बुऱ्हाणपुराहून चाले. सुरत बंदरावरचा माल खानदेशातून तिथे येई. इकडे पठारावर मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी वसवली, तिचंच १६५३ मध्ये औरंगाबाद झालं, आजचं छत्रपती संभाजीनगर. शाहजादा औरंगजेब १६३६ ते १६४४ आणि पुन्हा १६५० च्या दशकात दख्खनचा सुभेदार होता. बुऱ्हाणपूर आणि औरंगाबाद या दोन गावांमधली फौजेची, खजिन्याची, व्यापाऱ्यांची ये-जा याच घाटानं होई, आणि दोन्ही सराया त्याच्याच काळातल्या मानल्या जातात. चहावाले काका बरोबर बोलले.

सराई बांधणं हे तेव्हा राज्यकर्त्याचं रस्ता बांधण्याइतकंच महत्त्वाचं काम होतं. शेरशाह सूरनं आपल्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत, १५४० ते १५४५, दर दोन कोसांवर सराई बांधली, एकूण सतराशे, असं त्याचा इतिहास लिहिणाऱ्या अब्बास खान सरवानीनं लिहून ठेवलंय. तुमची मुलं हुशार आहेत, ती लगेच विचारतील : बैल सात कोस जातो तर दोन कोसांवर सराई कशाला? त्या सरायांमध्ये डाकेचे दोन-दोन घोडे बांधलेले असत. सरकारी खलिता हातोहात पुढे पळवायचा, म्हणून अंतर कमी. शिवाय पायी चालणारे, लेकुरवाळी बाई, म्हातारं माणूस यांना दोन कोसच पुष्कळ. सरवानी आणखीही सांगतो. दारात पाण्याचे भरलेले घडे. हिंदूंसाठी वेगळी सोय, तिथे पाणी तापवायला आणि अन्न रांधायला ब्राह्मण नेमलेला. मुसलमानांची वेगळी सोय. मधोमध विहीर आणि पक्क्या विटांची मशीद, मशिदीत इमाम, दारावर पहारेकरी, आणि जनावरांना दाणा. हे उत्तरेकडचं वर्णन आहे, पण पुढे मोगलांनी दक्षिणेत सराया बांधल्या त्या याच साच्यातून : उंच भिंतीचा चौकोन, भिंतीला पाठ टेकून आतल्या बाजूला कमानींच्या खोल्या, मध्ये मोकळं अंगण, अंगणात मशीद आणि पाणी.

आणि तिथे रात्र कशी जायची, तेही मुलांना सांगा, त्यांना आवडेल. निकोलाव मनुची नावाचा व्हेनिसचा पोरगा १६५६ मध्ये हिंदुस्थानात आला आणि आयुष्यभर इथेच राहिला. त्यानं सरायांबद्दल बारकाईनं लिहिलंय. त्याच्या म्हणण्यानं एकेका सराईत आठशे ते हजार माणसं, त्यांचे घोडे, उंट, गाड्या यांसकट मावत. संध्याकाळी सहाला दरवाजा बंद. सराईचा कारभारी ओरडून सांगे, आपापलं सामान सांभाळा, घोडे पुढच्या-मागच्या पायांना बांधा, आणि कुत्र्यांवर नजर ठेवा. सकाळी सहाला दरवाजा उघडण्याआधी पहारेकरी तीनदा हाक देई, की प्रत्येकानं आपल्या वस्तू तपासाव्यात. एखाद्याचं काही हरवलं असेल तर ते सापडेपर्यंत दार उघडत नसे. चोर आतच असणार, जाणार कुठे? सराईला इतकी मोजकी दारं का, आणि बाहेरच्या बाजूनं भिंत किल्ल्यासारखी आंधळी का, हे या एका हकिकतीतून कळतं. व्यापाऱ्याला छपरापेक्षा त्या बंद दाराची गरज जास्त होती. छप्पर त्याच्या तंबूतही मिळालं असतं.

पुढच्या वर्षी सहल नेलीत तर वर जाताना अर्धा तास फर्दापूरला द्या आणि अर्धा तास अजिंठा गावात. आत कोणी राहत असेल, कोणाची गुरं बांधलेली असतील, तर आधी विचारा. माझा अनुभव असा, की लेण्यांकडे धावणारी गर्दी पाहून कंटाळलेली तिथली माणसं, कोणीतरी आपल्या गावाबद्दल विचारतंय म्हटल्यावर स्वतःहून सगळं दाखवतात.

प्रश्न : मी वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या सरायांच्या खोल्यांना खिडक्या नसतात. माणसं त्यात कशी राहत असतील? आणि तुळई, कडीपाट काहीच नसताना छत इतकी शतकं कसं टिकलं?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर चारशे वर्षांपूर्वी एका त्रासलेल्या पाहुण्यानं दिलंय. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये बुऱ्हाणपूरला पोचला. त्याला सराईतल्या चार खोल्या दिल्या. त्यानं रोजनिशीत लिहिलं, की खोल्या भट्टीसारख्या आहेत आणि भट्टीएवढ्याच आहेत, वर गोल, भिंतीच्या अंगात विटांनी बांधलेल्या. त्यानं सरळ आपले तंबू ठोकले. त्याचा राग मला समजतो, पण तो सराई चुकीची वापरत होता. खोली सामानासाठी. दार लावून, कुलूप घालून माल ठेवायचा, थंडीत किंवा पावसात आत शिरायचं. एरवी माणूस बसे, जेवे, झोपे ते खोलीपुढच्या ओट्यावर, ओवरीत, अंगणात आपल्या जनावराशेजारी, उन्हाळ्यात गच्चीवर. म्हणून नकाशा काढताना खोलीचं क्षेत्रफळ धरून "दर माणशी जागा किती" असला हिशेब मांडू नकोस. अंगण धरल्याशिवाय सराई मोजताच येत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मी जरा थांबतो, कारण माझं आयुष्य त्यात गेलंय. मी शिकलेला वास्तुविशारद नाही. जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीवर देखरेख करणारा माणूस, गवंड्यांच्या हाताखाली शिकलेला. माझ्या पहिल्या उस्तादानं मला दोन माणसं पाठीला पाठ लावून जमिनीवर बसवून दाखवली होती. दोघांनी मागे रेटायचं. दोघं रेटतात म्हणून दोघं बसून राहतात. एक उठला की दुसरा उताणा. कमानीचं छत असंच असतं. ते खाली नुसतं दाबत नाही, बाजूंना रेटतं. सराईत खोल्यांची रांग असते, तेव्हा एका खोलीचं रेटणं शेजारच्या खोलीचं रेटणं अडवतं. मधल्या भिंतीवर दोन्हीकडून सारखा जोर येतो, त्यामुळे ती सरळ उभी राहते. मग रांगेच्या टोकाला काय? तिथे अडवायला शेजारी नाही. म्हणून कोपऱ्यावर भरीव बुरूज. तू तो संरक्षणासाठी म्हणून पाहतोस, ते बरोबरच आहे, पण तो पुस्तकांच्या ओळीच्या टोकाला ठेवलेल्या वजनदार विटेचंही काम करतो. मागची जाड भिंत आणि दरवाजाचा अवजड इमला यांचंही तेच.

यातूनच पडझडीचं कोडंही सुटतं. पडक्या सराईत एक खोली ढासळलेली दिसली तर तिच्या दोन्ही शेजारणींच्या कमानींच्या डोक्याकडे पाहा. तिथे चीर सापडेल. कोणी दगडांसाठी एक खोली पाडली की तिनं अडवून धरलेला जोर मोकळा होतो, आणि काही पावसाळ्यांत रांग एकेक करून जाते. म्हणून सराईत पहिलं काम पडलेली खोली बांधण्याचं नसतं, तिच्या शेजारच्या दोन खोल्यांना टेकू देण्याचं असतं. हे परीक्षेत विचारणार नाहीत, पण लक्षात ठेव.

दरवाजाही नीट बघ. मोठी कमान लादलेल्या उंटाच्या उंचीची. तिच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. आतून भिंतीत चौकोनी खोल बीळ दिसेल, त्यात हात घालून पाहा. अडसराचं लाकूड दिवसा त्यात सरकवून ठेवत आणि रात्री ओढून समोरच्या भिंतीतल्या खोबणीत बसवत. कित्येक ठिकाणी दार गेलं, लाकूड गेलं, पण बिळाची कड घासून गुळगुळीत झालेली आहे. रोज संध्याकाळी सहाची ती खूण आहे.

प्रश्न : मेजर गिल आणि पारो फर्दापूरच्या सराईत राहत होते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. रॉबर्ट गिल १८४४ मध्ये लेण्यांतली चित्रं उतरवून घ्यायला आला आणि राहिला तो घाटावर, अजिंठा गावातल्या बारादरीत. त्याच्या इथल्या सोबतिणीची, पारोची, कबर त्याच गावात आहे. गिल १८७९ मध्ये गेला, त्याची कबर भुसावळला. त्याच अजिंठा गावात, त्याच्याही आधी, मराठ्यांविरुद्धच्या २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईनंतर इंग्रज सेनापती वेलस्लीनं आपल्या जखमींचं इस्पितळ उभारलं होतं. तटबंदी, पाणी आणि मुक्कामाची सोय असलेलं गाव वाटेवर तयार होतं, ते शिपायांच्या उपयोगी पडलं. गिलसाहेबाची गोष्ट सगळे विचारतात. असईहून बैलगाड्यांत घालून आणलेल्या त्या जखमींबद्दल मला अजून एकाही वाचकानं विचारलेलं नाही. त्यांच्यात मद्रासकडचे कितीतरी शिपाई होते.

प्रश्न : लग्नसराई या शब्दातली सराई आणि ही सराई एकच का? आणि भटारखाना हा शब्द भट या शब्दावरून आला का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : लग्नसराईतली सराई म्हणजे हंगाम. मुक्कामाच्या सराईचा तिच्याशी अर्थानं काही संबंध नाही. मुक्कामाची सराई फारसीतून आली, तिकडे तिचा अर्थ वाडा, मोठं घर. कारवानसराई म्हणजे तांड्याचं घर.

भटारखान्याचं मात्र सराईशी जवळचं नातं आहे. सराईत चुली सांभाळणारी, प्रवाशांना रांधून घालणारी, खाटा देणारी, घोड्याला दाणा घालणारी माणसं म्हणजे भटियारे, त्यांच्यावरून भटारखाना. कुटुंबच्या कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या सराईत राहून हे काम करत, आणि पुष्कळदा कारभार बाईच्या हाती असे. सराईच्या इतिहासात बांधणाऱ्याचं नाव सापडतं. रोज रात्री शेकडो अनोळखी लोकांना जेवू घालणाऱ्या भटियारणीचं सापडत नाही. मला याची कायम चुटपुट लागते. फर्दापूरला गेलो की मी खोल्यांच्या काळवंडलेल्या भिंतींकडे तिच्यासाठी पाहतो.

प्रश्न : आम्ही मार्चमध्ये अमृतसरला जाणार आहोत. वाटेत बघण्यासारखी एखादी चांगली सराई आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन आहेत, दोन्ही बघा. जालंधरजवळ नूरमहल इथे नूरजहानच्या आज्ञेवरून १६१८ ते १६२० च्या सुमारास बांधलेली सराई आहे. तिच्या लाल दगडाच्या दरवाजावर माणसं, पशुपक्षी, फुलं कोरलेली आहेत. दुसरी अमृतसरपासून जवळ, सराई अमानत खान. ताजमहालावरची अक्षरं ज्यानं लिहिली तो हा अमानत खान. भावाच्या मृत्यूनंतर दरबार सोडून तो या भागात येऊन राहिला आणि १६४० च्या सुमारास त्यानं स्वतःच्या खर्चानं सराई बांधली. दरवाजावरच्या रंगीत फरशांत त्याच्याच हातची अक्षरं आहेत. ताजवर ज्याचं नाव आहे त्याला शेवटी वाटसरूंसाठी निवारा बांधावासा वाटला, हे तिथे उभं राहून आठवा.

प्रश्न : आमच्या गावात जुनी धर्मशाळा आहे. पाच खणांची, दगडी जोतं, पुढे कमानी, आत कोनाडे, शेजारी बारव आणि पिंपळाचा पार. अहिल्याबाईंनी बांधली असं गावात सांगतात. पावसात गळते. ग्रामपंचायतीला थोडा निधी मिळालाय. सिमेंटचा गिलावा, खाली फरशी आणि पुढे लोखंडी जाळी असं काम काढायचं ठरतंय. योग्य होईल ना? आणि ही धर्मशाळा म्हणजे सराईच का?
– ग्रामपंचायत सदस्य, पारनेर तालुका

उत्तर : दादा, आधी सोपं उत्तर देतो. धर्मशाळा आणि सराई दोन्ही वाटसरूंसाठीच, पण बांधणीमागचा विचार वेगळा. सराई दार लावते, धर्मशाळेला बहुतेक वेळा दारच नसतं. पुढची बाजू सताड उघडी. सराईत खाण्यापिण्याचे, चाऱ्याचे पैसे मोजावे लागत. धर्मशाळेत पाठ टेकायला भाडं नाही, सरपण आणि शिधा आपला. "हे घर आहे की धर्मशाळा?" असं आपली आई ओरडायची, ते या उघडेपणामुळेच. कोणीही यावं, कोणी विचारणार नाही. सराई व्यापाऱ्यांच्या आणि फौजेच्या वाटेवर असे, धर्मशाळा यात्रेच्या वाटेवर, देवळाशी, नदीच्या उताराशी, बारवेशी. तुमच्याकडे बारवेला लागून जनावरांसाठी दगडी हाळ असेल. मातीत गाडली गेली असेल तर शोधा.

अहिल्याबाईंबद्दल बोलायचं तर त्यांचं माहेर चौंडी तुमच्याच जिल्ह्यातलं. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी महेश्वरहून देशभर घाट, देवळं, बारवा, धर्मशाळा बांधल्या. आपल्याकडे प्रत्येक जुनी धर्मशाळा त्यांच्या नावावर सांगतात. त्यांच्यानंतर अनेक सरदारांनी, सावकारांनी, विधवा बायकांनी पदरच्या पैशांतून धर्मशाळा बांधल्या, आणि त्यातल्या पुष्कळांची नावं बाईंच्या मोठ्या नावात विरघळून गेली. आतल्या भिंतीवर, विशेषतः मधल्या खणाच्या कोनाड्यावर, चुन्याच्या थरांखाली लेख असू शकतो. म्हणून भिंत खरवडू नका. ओल्या फडक्यानं, मऊ ब्रशनं हळूहळू बघा. अक्षरं दिसली तर काम तिथेच थांबवा आणि फोटो काढा.

आता गिलावा. सिमेंट करू नका. मी हे हात जोडून सांगतोय, कारण मी त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिलाय. एका गावातली अशीच धर्मशाळा, सात खणांची. एका ठेकेदारानं दीड इंच सिमेंट मारून चकचकीत करून दिली. मी तेव्हा तिथे देखरेखीला होतो. मी नको म्हणालो, पण कामावर लहान होतो, माझं कोणी ऐकलं नाही आणि मीही पुरेसं भांडलो नाही. पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गिलाव्याला पोट आलं. तिसऱ्या वर्षी तो पत्र्यासारखा सुटून पडला आणि त्याच्याबरोबर आतल्या विटांचा दर्शनी भाग भुगा होऊन आला. जुनी भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्यातून ती हवेत सोडून देते. वर सिमेंट मारलं की ओलीला बाहेर पडायला वाट नाही. ती आत साठते, क्षार आणते आणि वीट आतून फुगवते. दगड काही काळ तग धरतो, वीट आणि जुना चुना धरत नाहीत. शिवाय सिमेंट कडक. चुन्याची भिंत ऋतूप्रमाणे किंचित हलते, तिला ते हलू देत नाही, म्हणून चिरा पडतात.

चुनाच वापरा. तो आजही मिळतो. कळीचा चुना आणा, हौदात विझवा आणि निदान महिनाभर पाण्याखाली ठेवा. विझवताना उकळतो, मुलांना लांब ठेवा. मग एकास दोन या मापानं चाळलेली वाळू, ओल येते तिथे वाळूतली निम्मी काढून त्या जागी विटांची भुकटी, म्हणजे सुरकी. जुन्या गावांत चुना मळायच्या घाण्याचं गोल दगडी चाक कुठेतरी पडलेलं असतं. तुमच्या बारवेजवळ मिळेल, कारण घाणा पाण्याजवळच घालत. बैल नसला तर ट्रॅक्टरला जुंपा, मी तसं करून घेतलंय. मळण चांगली झाली पाहिजे, यात कंजुषी नको. गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर घालतात. पण गूळ म्हणजे जादू नव्हे, चुना कच्चा असेल तर कितीही गुळानं तो सुधारत नाही. गिलावा पातळ थरांत करा आणि प्रत्येक थर गोणपाट टाकून आठ-दहा दिवस ओला ठेवा. उन्हात भरभर वाळलेला चुना हातानं पुसला जातो.

गळती छतावरून आहे की पागोळ्यांमधून, ते आधी पाहा. माझा अंदाज, वरच्या चुनेगच्चीला भेग पडलीय आणि पाणी जायच्या पन्हळीत माती भरून गवत उगवलंय. नव्वद टक्के धर्मशाळा पन्हळ बुजल्यामुळे गळतात. ती साफ करायला चार माणसं आणि एक दिवस पुरतो, निधीही लागत नाही. भिंतीत पिंपळाचं रोप असेल तर उपटू नका, मुळांबरोबर दगड येतो. बुंधा कापा आणि दरवर्षी फुटवा खुडत राहा. पारावरच्या पिंपळाला मात्र हात लावू नका.

फरशी नको. आत दगडी लादी असेल, ती उचलून, खाली मुरूम चोपून पुन्हा तीच बसवा. जाळीचं म्हणाल तर गुरं शिरतात, रात्री पत्ते चालतात, ही अडचण खरी आहे, मला माहीत आहे. पण जाळी भिंतीत खिळे ठोकून बसवली तर कमानीच्या कडा फुटतील. अगदीच हवी असेल तर जोत्याच्या आत, जमिनीवर स्वतंत्र उभी राहील अशी करा, उद्या काढता येईल अशी. त्याहून चांगलं म्हणजे जागा वापरात आणा. वारीच्या दिवसांत दिंडी उतरवा. एरवी संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरवा, एक दिवा आणि दोन सतरंज्या लागतात. जिथे रोज झाडू फिरतो तिथे पत्त्यांचा डाव बसत नाही.

आणि काम सुरू करण्याआधी एक चौकशी करा. १९६० च्या राज्य कायद्याखाली तुमची धर्मशाळा संरक्षित स्मारक म्हणून नोंदलेली आहे का, हे पुरातत्त्व खात्याकडे लेखी विचारा. नोंद असेल तर परवानगीशिवाय दगडालाही हात लावता येणार नाही. नोंद नसेल तर जबाबदारी पूर्ण गावाची.

दिवाळीनंतर चुना विझत घातलात तर संक्रांतीच्या सुमारास गिलाव्याला हात घालता येईल आणि उन्हाळा कडक व्हायच्या आत शेवटचा थर बसेल. घाण्याचं चाक सापडलं की संपादकांच्या पत्त्यावर मला कळवा. पहिल्या मळणीला मी येतो.